दात, दही आणि होल्टर

बरेच दिवस झाले, इथे काही खरडलं नाही. दोघातिघांनी विचारलंही, "काय गं, लेखणी म्यान केलीस का?" तसं नाही. गेले दोन महिने आमच्या घरात दोनच विषय होते. आईचे दात आणि आईचं हृदय. बाकी काही सुचत नव्हतं. आता सगळं ठीक आहे, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर नागपूरहून काकूचा फोन येईल.

तर झालं असं. आईचं वय ७४. दिवाळीनंतर तिच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. दातांच्या डॉक्टरांनी तपासलं, दात साफ करून दिले आणि सांगितलं, "आजी, दोन वेळा ब्रश करायचा, सकाळी आणि झोपताना." आई निवृत्त शिक्षिका. कुणी गृहपाठ दिला की तो दुप्पट करायचा, हा तिचा बाणा. ब्रश असा चालायचा, की तांब्याचा हंडा घासतेय असं वाटावं.

ही बातमी घराच्या ग्रुपवर गेली आणि सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. मावसबहीण (न्यू जर्सीवाली) म्हणाली, आता प्रोबायोटिकचा जमाना आहे, तोंडातले चांगले जिवाणू वाढवायचे. तिने चघळायच्या गोळ्यांची डबी पाठवलीसुद्धा. वहिनीने प्रोबायोटिक पेयाच्या छोट्या बाटल्या आणल्या, गोड, स्ट्रॉबेरीच्या वासाच्या. मामाने लांबलचक फॉरवर्ड पाठवला की रोज दही खा, दात आणि हृदय दोन्ही सांभाळलं जाईल. आईने सगळ्यांना हात जोडलेल्या बाहुलीचं चित्र पाठवलं आणि बाटल्या फ्रीजमध्ये मागे सरकवल्या.

त्याच सुमारास तिला चक्कर यायला लागली. उठताना डोळ्यांपुढे अंधारी. आमच्या डॉक्टरांनी सांगितलं, २४ तासांचं होल्टर करून घ्या.

होल्टर म्हणजे गळ्यात अडकवायची एक छोटी डबी. तिच्या वायरी छातीला चिकटवलेल्या असतात आणि दिवसभराचे सगळे ठोके ती टिपून ठेवते. दिवसाचे साधारण एक लाख ठोके होतात. हे यंत्र नॉर्मन होल्टर या अमेरिकन माणसाच्या नावाने ओळखलं जातं. १९४७ सालचं त्याचं पहिलं यंत्र पाठीवर बांधायचं होतं आणि त्याचं वजन होतं जवळजवळ ३८ किलो! आज ते तळहातावर मावतं.

आई तिच्या पद्धतीने तयार होऊन गेली. म्हणजे आंघोळ, अंगाला खोबरेल तेल, वर पावडर. तिथला मुलगा घाईत होता. त्याने तेलावरच त्या चकत्या चिकटवल्या, हातात एक छापील कागद दिला, "यात लिहा काय काय केलं ते," एवढं बोलला आणि पुढच्याला हाक मारली.

दोन दिवसांनी रिपोर्ट आला. त्यात लिहिलं होतं की रात्री ९ वाजून ५२ मिनिटांनी आणि सकाळी ६ वाजून १६ मिनिटांनी हृदयाचे ठोके अतिवेगाने पडले, मिनिटाला अडीचशेच्या वर, रुंद आकाराचे. तिथल्या तरुण डॉक्टरांनी चष्मा काढला, आमच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "हे धोकादायक आहे. आजच ॲडमिट करा. अँजिओग्राफी करू, मग पुढचं ठरवू."

मंडळी, ती संध्याकाळ मी विसरणार नाही. कारण सांगायचं तर सोळा-सतरा वर्षं मागे जावं लागेल.

२००८ च्या पावसाळ्यात बाबांचा खालचा जबडा दुखायला लागला. डावीकडचा. त्यांची त्या बाजूची दाढ आधीपासून किडलेली होती, म्हणून सगळ्यांनी, मी पहिली, तो दुखावा दाढेच्या नावावर लिहून टाकला. लवंगेचं तेल लावलं, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या. "दाढ काढून टाका एकदाची," असं मीच त्यांना तीनदा सांगितलं. एक गोष्ट ते स्वतः म्हणाले होते आणि आम्ही कुणी नीट ऐकली नाही. ते म्हणाले होते, "गंमत बघ, जिना चढलो की दुखते आणि बसलो की थांबते." दाढ जिना चढल्यावर दुखत नाही हो. हृदयाला रक्त कमी पडलं की त्याची कळ कधी कधी छातीत न उमटता जबड्यात उमटते, हे मला नंतर कळलं. तीन आठवड्यांनी पहाटे बाबा गेले. दाढेसाठी घेतलेली अपॉइंटमेंट त्याच दिवशी दुपारची होती.

असो.

तर त्या संध्याकाळी 'ॲडमिट करा' ऐकल्यावर माझ्या डोक्यात एवढंच होतं की ह्या वेळी चुकायचं नाही. दादा म्हणाला, "सही कर, वेळ घालवू नको." मी पेन हातात घेतलंही. आईच म्हणाली, "अगं, मला काहीच झालं नाही त्या वेळी. धडधड नाही, चक्कर नाही. उद्या सकाळी येऊ. एक रात्र मला माझ्या पलंगावर झोपू दे." दादा चिडला. पण आई ती आई.

(तुम्ही असं करू नका. डॉक्टर आज म्हणाले तर आजच. आमचं नशीब बरं होतं, म्हणून लिहायला बसले आहे.)

रात्री झोप येईना म्हणून मी फाईल उघडून बसले. रिपोर्टच्या मागे तो छापील कागद टाचलेला होता. कुणीही तो उघडून पाहिलेला दिसत नव्हता, कारण घडी तशीच होती. आईने तो परीक्षेचा पेपर लिहावा तसा भरला होता. 'सायं. ५.१० चहा, दोन बिस्किटे. ७.३० शेजारच्या मुलीला गणित शिकवले. ९.५० दात घासले, नीट. १०.१५ झोपले. स. ६.०० उठले. ६.१५ दात घासले.'

मी दोन्ही वेळा पुन्हा वाचल्या. मग रिपोर्ट वाचला. मग पुन्हा कागद.

दुसऱ्या दिवशी आम्ही एका वयस्क हृदयरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी सारांशाच्या पानाकडे बघितलंच नाही. "मूळ पट्ट्या आहेत का?" विचारलं. पट्ट्यांवर पेन्सिल ठेवून त्यांनी दाखवलं. त्या रुंद, वेड्यावाकड्या लाटांच्या आत बारीक अणकुचीदार ठोके एकसारख्या अंतराने चालले होते, मिनिटाला ७८. लाटा हाताच्या होत्या, ठोके हृदयाचे. मग आईकडे वळून हसले, "बाई, दात फार जोरात घासता तुम्ही!"

ब्रश सेकंदाला चार-पाच वेळा पुढे-मागे झाला, तर मिनिटाला अडीचशे-तीनशे झटके होतात. दंडाचे आणि छातीचे स्नायू तेवढ्याच वेळा आखडतात, सैल चिकटलेली चकती हलते आणि यंत्राला ते ठोके वाटतात. हृदयाच्या डॉक्टरांना हा प्रकार जुना माहीत आहे. १९९९ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अशा १२ रुग्णांची हकिगत आली होती. नोंदीतला निव्वळ गोंधळ धोकादायक ठोके समजला गेला आणि काहींची कॅथेटर घालून तपासणी झाली, एकाला पेसमेकर बसला, एकाला तर शॉक देणारं यंत्र शरीरात बसवलं गेलं. मी ते वाचलं आणि आदल्या संध्याकाळचं पेन आठवलं.

चकरेचं कारण वेगळंच निघालं. डॉक्टरांनी आईचं ब्लडप्रेशर झोपवून मोजलं, मग उभं करून मोजलं. उभं राहिल्यावर ते चांगलंच खाली येत होतं. गोळीचा डोस बदलला. खात्रीसाठी होल्टर पुन्हा केलं. ह्या वेळी तिथल्या सिस्टरने तेल स्पिरिटने पुसलं, गॉजने त्वचा हलकी घासली, चकत्या लावल्या, वायरीला एक वेटोळं देऊन चिकटपट्टी मारली आणि म्हणाल्या, "आजी, दात बोटाने घासले तरी चालतील एक दिवस." वेळ लागला सात-आठ मिनिटं. रिपोर्ट स्वच्छ आला.

आता मला जे म्हणायचं आहे ते इथून पुढे.

हृदयाची विद्युत लहर छातीवर पोचते तेव्हा ती साधारण एक मिलिव्होल्टची असते. म्हणजे घड्याळातल्या पेन्सिल सेलच्या पंधराशेव्या भागाएवढी. एवढीशी कुजबूज ऐकायची, तीही भर बाजारात. श्वासाबरोबर रेघ वरखाली होते, स्नायू थरथरतात, भिंतीतल्या वायरिंगचा ५० हर्ट्झचा गुंजारव तर कायमचाच. विलेम आइनथोव्हेन या डच शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ईसीजीचं यंत्र बनवलं (१९२४ चं नोबेल त्यासाठीच), तेव्हा रुग्णाचे हात-पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून ठेवावे लागत. कारण तेच. त्वचा आणि तार यांचा सांधा चांगला हवा.

आज गोंधळ काढायला गाळण्या आहेत, गणितं आहेत, संगणक आहेत. सगळं कौतुकाचं आहे. पण गाळणीला स्वतःचं डोकं नसतं. वॉर्डातल्या मॉनिटरवर रेघ स्थिर दिसावी म्हणून हळू हलणाऱ्या लहरी कापून टाकतात. फार कापलं, तर एसटी नावाचा तुकडा बिघडतो, आणि हृदयविकाराच्या झटक्याची खूण नेमकी तिथेच शोधायची असते. न गाळावं तर दुसरी आफत. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका विद्यापीठ रुग्णालयातल्या ५ अतिदक्षता विभागांतल्या ७७ खाटांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. ३१ दिवसांत मॉनिटरांनी २५ लाखांहून अधिक इशारे दिले. त्यातले बिघडलेल्या ठोक्यांचे साडेबारा हजारांवर इशारे तज्ज्ञांनी तपासले, तर जवळपास ८९ टक्के खोटे निघाले. लांडगा आला रे आला! मग खरा लांडगा येतो तेव्हा नर्सच्या कानाला सवय झालेली असते. दोष तिचा नाही.

म्हणून माझं मत असं, की गोंधळ काढण्याचं सगळ्यात मोठं काम संगणकाच्या आधी होतं. तेल पुसणं, चकती नीट लावणं, माणसाला दोन मिनिटं समजावून सांगणं, आणि त्याने लिहिलेला कागद उघडून वाचणं. ह्या कामाला ना ग्लॅमर ना बिल. म्हणूनच ते आधी गाळलं जातं.

आणि दात? तिथेही मला हेच दिसलं. मावसबहिणीच्या डबीवरून आमचा वाद झाला, तेव्हा मी जरा वाचन केलं. (ताई, रागावू नकोस, डबी जपून ठेवली आहे.) प्रोबायोटिक म्हणजे असे जिवंत सूक्ष्मजीव, की जे पुरेशा प्रमाणात घेतले तर आरोग्याला फायदा होतो. २००१ साली एफएओ आणि डब्ल्यूएचओच्या तज्ज्ञांनी केलेली ही व्याख्या. कल्पना त्याहून जुनी आहे. १९०८ चे नोबेलविजेते मेचनिकॉव्ह पॅरिसमध्ये बसून आंबवलेल्या दुधाचे गुण गात होते.

दातांसाठी काही आशादायक काम खरंच झालं आहे. हेलसिंकीच्या पाळणाघरांत एक ते सहा वर्षांच्या ५९४ मुलांना सात महिने दूध दिलं गेलं, काहींना साधं आणि काहींना लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी घातलेलं. २००१ साली निष्कर्ष आले. जिवाणूवाल्या दुधाच्या मुलांत कीड कमी दिसली, विशेषतः तीन-चार वर्षांच्यांत. न्यूझीलंडमध्ये जॉन टॅग यांनी निरोगी माणसांच्या तोंडात सापडणाऱ्या एका स्ट्रेप्टोकोकसवर आयुष्यभर काम केलं. हिरड्यांसाठीही छोटे छोटे अभ्यास झालेत. पण हे सगळं ठरावीक जातीच्या, ठरावीक प्रमाणातल्या जिवाणूंबद्दल आहे. 'दही खा, दात वाचतील' असं त्यातून निघत नाही. उलट गंमत अशी, की लॅक्टोबॅसिलस स्वतः आम्ल तयार करतात आणि खोल किडलेल्या दातात तेही घर करून असतात. तोंडात आम्लता वाढून पीएच साधारण साडेपाचच्या खाली गेला की दाताचं कवच विरघळू लागतं. म्हणजे जिवाणूंची बाटली साखरेने भरलेली असेल, तर एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखं. वहिनीच्या बाटलीवरचा मजकूर भिंग लावून वाचला. पाण्यानंतर दुसरं नाव साखरेचं होतं!

मग आमचं घरचं दही? ते कालच्या विरजणावर लागतं, विरजण परवाच्या दह्याचं. त्यात कुठले जिवाणू किती, हे कुणी मोजलेलं नाही, त्यामुळे काटेकोर व्याख्येत ते बसत नाही. कढी उकळली की त्यातले जिवाणू मरतात, इडली वाफवली की तिच्यातलेही. पण बिनसाखरेचं दही हे उत्तम अन्न आहे. आंबट असूनही त्यातल्या कॅल्शियम आणि फॉस्फेटमुळे दाताचं कवच फारसं झिजत नाही. म्हणून मी म्हणते, दही अन्न म्हणून खा, ताक आवडतं म्हणून प्या, औषध म्हणून नको. दही-साखर परीक्षेच्या दिवसापुरती ठेवा. :)

उलट टोकही तितकंच वाईट. 'सगळे जंतू मारा' म्हणून महिनोन्‌महिने कडक माउथवॉशने चुळा भरणारे आमच्या बिल्डिंगमध्ये आहेत. २०१३ साली लंडनमध्ये १९ निरोगी माणसांना आठवडाभर क्लोरहेक्सिडिनच्या चुळा भरायला लावल्या, तर त्यांचं ब्लडप्रेशर दोन ते साडेतीन अंकांनी चढलं. जिभेवरचे काही जिवाणू पालेभाजीतल्या नायट्रेटचं नायट्राइट करतात, पुढे त्याचं नायट्रिक ऑक्साइड होतं आणि रक्तवाहिन्या सैल राहतात. ते जिवाणूच मेले, तर ती साखळी तुटते. (डॉक्टरांनी चार दिवस दिलं असेल तर जरूर वापरा.) इथेही गाळणी फार बारीक झाली की कामाचं तेच निघून जातं.

मामाचा तो फॉरवर्ड म्हणत होता की हिरड्या सुधारा, हृदयविकार टळेल. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ साली सगळे पुरावे तपासून सांगितलं, की हिरड्यांचे आजार आणि हृदयविकार बऱ्याचदा एकत्र दिसतात, पण एकामुळे दुसरा होतो असं सिद्ध झालेलं नाही. हृदयात कृत्रिम झडप असलेल्यांना मात्र तोंडातले जिवाणू रक्तात जाणं खरोखर धोक्याचं असतं. त्यांनी दाताच्या डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं.

हे सगळं लिहिताना सारखं बाबांकडे मन जातं. बाबांच्या वेळी हृदय बोलत होतं आणि आम्ही ते दाताच्या खात्यावर टाकलं. आईच्या वेळी दात घासल्याचा आवाज होता आणि तो हृदयाच्या खात्यावर गेला. दोन्ही वेळा उत्तर घरातच होतं. एकदा ते बाबांच्या तोंडच्या एका वाक्यात होतं, एकदा आईच्या अक्षरातल्या कागदावर. कुठला आवाज खरा आणि कुठला नुसता गोंधळ, हे ठरवणारं यंत्र अजून तरी मला माहीत नाही. ज्याचं शरीर आहे त्याला विचारावं, तो सांगतो ते मध्येच न तोडता ऐकावं, एवढं तरी आपल्या हातात आहे. मी ते २००८ मध्ये केलं असतं तर बाबा वाचले असते का, ह्याचं उत्तर कुणीच देऊ शकत नाही. पण मी दाढेच्या डॉक्टरऐवजी दुसऱ्या डॉक्टरकडे नेलं असतं, एवढं नक्की.

म्हणून नातेवाईक मंडळींनो, विनंती. घरात कुणाचं होल्टर असेल, तर त्या दिवशी तेल-पावडर नको. कागद नीट भरा आणि डॉक्टरांपुढे तो स्वतः उघडून ठेवा. रिपोर्ट भीतीदायक आला, तर 'मूळ पट्टी बघता का' असं नम्रपणे विचारा, उशीर मात्र करू नका. जिना चढताना जबडा दुखला, तर लवंगेचं तेल बाजूला ठेवा आणि लगेच हृदयाच्या डॉक्टरांकडे जा. आणि आईला कुणी गोड बाटल्या पाठवू नका. तिने त्या शेजारच्या मुलीला, गणितं बरोबर आल्याचं बक्षीस म्हणून वाटून टाकल्या. त्यावर त्या मुलीच्या आईने मला जे सुनावलं, ते पुन्हा कधीतरी.

आत्ता रात्रीचे पावणेदहा झालेत. आतून ब्रशचा आवाज येतोय. पूर्वीपेक्षा हळू, पण येतोय.